फिट्झरॉयचा निकोल्स

मेलबर्नचे नाव भारतात क्रिकेटमुळे घरोघर पोहोचले आहे. परंतु हिवाळा लागला की त्या शहरातील क्रिकेटची मैदाने एका निराळ्याच खेळाच्या ताब्यात जातात. 1859 साली ज्याचे पहिले नियम तेथे लिहिले गेले, तो हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू आणि एकेका बाजूस अठरा खेळाडू. चेंडू लाथेने उडवावा, उंच झेप घेऊन झेलावा, प्रतिस्पर्ध्यास खांद्याने रेटावे, असा हा धसमुसळा प्रकार. धिप्पाड माणसांचे त्यात फावते. डग्लस निकोल्सची उंची होती जेमतेम पाच फूट दोन इंच.

त्याचा जन्म 1906 साली मरे नदीकाठी, कमरागंजा या आदिवासींच्या वसाहतीत झाला. गावोगावच्या सामन्यांत नाव मिळवून तो मेलबर्नला आला आणि 1927 साली कार्लटन या मातबर क्लबात उमेदवारी करू लागला. सामन्यापूर्वी खेळाडूंचे अंग चोळून देण्याची तिकडे रीत आहे. काळ्या माणसाच्या अंगास हात लावण्यास तेथील मालिशवाले तयार झाले नाहीत, असे सांगितले जाते. खेळाच्या नियमांत कातडीच्या रंगाविषयी एक अक्षरही नव्हते. तरी निकोल्सला तेथून निघावे लागले.

दुय्यम स्पर्धेत खेळणाऱ्या नॉर्थकोट संघाने त्याला जवळ केले, आणि 1929 साली त्या संघाने अजिंक्यपद पटकावले. मैदानाच्या बगलेवरून चेंडू घेऊन निकोल्स सुटला की त्याला गाठणे कठीण होई. पैजेच्या धावण्याच्या शर्यतीही तो जिंकत असे.

1932 साली श्रेष्ठ स्पर्धेतील फिट्झरॉय संघाने त्याला घेतले. कार्लटनचा अनुभव मनात ताजा असावा. कपडे बदलण्याच्या खोलीत तो एका कोपऱ्यात एकटाच बसे. हेडन बंटन हा त्या संघाचा मानबिंदू. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूस मिळणारे ब्राउनलो पदक त्याने 1931 साली मिळवले होते. हा बंटन उठून निकोल्सशेजारी जाऊन बसला आणि पुढेही त्याच्याच जवळ कपडे बदलू लागला. एवढीच ही गोष्ट. पण संघातील सर्वांत मोठा खेळाडू जेथे बसतो, त्या कोपऱ्याला कोपरा कोण म्हणणार?

फिट्झरॉयकडून निकोल्स 54 सामने खेळला. 1935 साली व्हिक्टोरिया राज्याच्या संघात त्याची निवड झाली. हा मान मिळवणारा तो पहिला आदिवासी. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. 1937 नंतर तो नॉर्थकोटला परतला आणि लवकरच त्याचा खेळ थांबला.

नंतरचे निकोल्स पाद्री झाले, आदिवासींच्या हक्कांसाठी झगडले. 1972 साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि 1976 साली ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. प्रकृती ढासळल्याने काही महिन्यांतच त्यांना ते पद सोडावे लागले. 1988 साली त्यांचे निधन झाले आणि कमरागंजाच्याच मातीत त्यांना पुरण्यात आले.

2016 पासून राष्ट्रीय स्पर्धेतील आदिवासींच्या सन्मानार्थ होणारी फेरी त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या फेरीत कार्लटनचा संघही उतरतो.