गळाला लावलेल्या किड्याची कुळकथा

बेळगावपासून खानापूरपर्यंतच्या भातशिवारात खोडकिडा दिसला की शेतकरी खत-औषधाच्या दुकानात जाऊन जी औषधं आणतो, त्यांत एक ठरलेलं नाव असतं: कारटॅप. पिशवीवर 'कारटॅप हायड्रोक्लोराइड ४ जी'. दाणेदार औषध, हेक्टरी १८ ते २५ किलो, बांधून धरलेल्या पाण्यात फेकायचं. रोप ते मुळावाटे ओढून घेतं आणि खोडात दडलेल्या, फवारणीला न सापडणाऱ्या अळीपर्यंत ते पोचतं. वेळ चुकली तर आधी गाभेमर, मग पळींज, म्हणजे उभी पांढरी पोकळ लोंबी. एवढं शिवारात सगळ्यांना पाठ आहे. पण हे औषध एका समुद्री किड्याच्या विषावर बेतलेलं आहे, आणि ते विष निपाणीच्या तंबाखूच्या भावकीतलं आहे, हे मी दुकानदारांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

समुद्रातून आलेल्या औषधांची नेहमीची गोष्ट थोडक्यात उरकतो. कॅरिबियन स्पंजात वर्नर बर्गमन यांना १९५० च्या सुमारास वेगळ्याच घडणीचे न्यूक्लिओसाइड मिळाले, त्यांच्या धर्तीवर रक्ताच्या कर्करोगावरचं सायटाराबिन आलं, १९६९ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००४ मध्ये शंखातल्या गोगलगायीच्या विषावरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक आलं. आपल्या जवळ, गोव्यात दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही समुद्री जीवांतल्या रसायनांवर काम झालेलं आहे. या यादीत शेतीचं औषध कोणी धरत नाही. कारटॅप जपानच्या ताकेदा कंपनीने 'पादान' या नावाने १९६७ मध्ये बाजारात आणलं, सायटाराबिनच्या दोन वर्षं आधी. कोणी म्हणेल, सेफॅलोस्पोरिन हे प्रतिजैविक त्याहून जुनं; ब्रोत्झू यांना ती बुरशी १९४५ मध्ये सार्डिनियाच्या किनाऱ्यावर मिळाली. मिळाली खरी, पण सांडपाणी समुद्रात सुटतं तिथे. गटाराची बुरशी समुद्राच्या खात्यावर मांडायला माझी तयारी नाही. जंतांवर चालणारं कायनिक आम्ल जपान्यांनी १९५३ मध्ये समुद्रशैवालातून वेगळं केलं, तो मान मात्र निमूट देतो.

आता मूळ पुरुष. जपानी मासेमार 'इसोमे' नावाचा वळ्यावळ्यांचा समुद्री किडा गळाला आमिष म्हणून लावत. शास्त्रीय नाव लुंब्रिकोनेरीस हेटेरोपोडा. मेलेल्या इसोमेवर बसलेल्या माश्या लुळ्या पडून मरतात, आणि हे आमिष हाताळणाऱ्यांचं डोकं दुखतं, मळमळतं, अशी बोलवा होती. १९३४ मध्ये जपानी शास्त्रज्ञ नित्ता यांनी त्यातलं विष वेगळं काढलं आणि त्याला नेरेइस्टॉक्सिन म्हटलं.

पुढे सगळे एकच कथा सांगतात: माश्या मेल्या, शास्त्रज्ञाने पाहिलं, कीटकनाशक झालं. मला ही कथा पटत नाही. माश्यांमुळेच सगळं घडलं असेल, तर १९३४ पासून १९६७ पर्यंत तेहतीस वर्षं कोणाची वाट पाहिली? नित्तांचा १९४१ चा जर्मन निबंध औषधशास्त्राचा आहे, शेतीचा नाही. माझा तर्क असा की मूळ कुतूहल माणसांच्या डोकेदुखीचं होतं, आणि माशीला नायिकेचं काम मिळालं ते औषध विकायला निघाल्यावर. याला उत्तर देता येतं: रेणूची रचनाच ठाऊक नव्हती, शिवाय मध्ये महायुद्ध. ते खरं आहे. हाशिमोतो आणि ओकाइची यांनी रचना लावली ती १९६२ मध्ये, प्रयोगशाळेत तो रेणू घडवल्याचं प्रसिद्ध झालं १९६५ मध्ये. पण रचना शोधायची निकड त्याच वेळी का भासली? माझ्या मते त्याचं उत्तर समुद्रात नाही, भातात आहे. १९५० च्या दशकात जपानने खोडकिड्यावर पॅराथिऑन हे कीटकनाशक सढळ हाताने मारलं. त्याने शेतकरी मेले, आणि पुढे किडाही त्याला दाद देईना. तेव्हा कुठे जुन्या आमिषाची आठवण झाली. तिकडचा खोडकिडा पट्टेरी, आपला पिवळा. औषध दोघांनाही लागू पडलं. खुद्द नेरेइस्टॉक्सिन मात्र पिशवीत नसतं. कारटॅप किड्याच्या अंगात गेल्यावर त्याचं नेरेइस्टॉक्सिन होतं.

आणि आता निपाणी. तंबाखू दख्खनेत केव्हाच रुजली होती. अकबराचा वकील असद बेग याने १६०४-०५ च्या सुमारास ती विजापुरात पाहिली आणि नवल म्हणून दरबारात नेली. निपाणीच्या जर्द्याची कीर्ती आणि शेतकरी नेते शरद जोशींचं १९८१ चं तंबाखू आंदोलन इथे नव्याने सांगायला नको. तंबाखूचा काढा साबणाच्या पाण्यात मिसळून माव्यावर मारायचा, हा या भागातला जुना इलाज. निकोटिन सल्फेट तर कारखान्यात बनायचं. आज देशात त्याचा वापर बंद आहे, निर्यातीसाठी बनवायला मुभा आहे. हे निकोटिन मज्जातंतूंच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसतं, त्या ग्राहकाची कल्पनाच निकोटिनमुळे सुचली: केंब्रिजच्या लँगली यांनी १९०५ मध्ये कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन आणि क्युरारे लावून पाहिलं, आणि स्नायूत काहीतरी 'घेणारं' असलं पाहिजे असं म्हटलं. नेरेइस्टॉक्सिनचा वार नेमका त्याच ग्राहकावर. निकोटिन खोट्या किल्लीने कुलूप उघडतं. इसोमेचं विष त्या कुलपात बोळा कोंबतं. म्हणून निकोटिनने किडा आचके देतो, कारटॅपने मुकाट लुळा पडतो, खायचं थांबतो, उपाशी मरतो.

हा योगायोग आहे, असं रसायनवाले म्हणतात: दोन्ही रेणू छोटे, दोघांत नायट्रोजन, दोन्ही मज्जातंतूंचा निरोप नेणाऱ्या ॲसिटिलकोलिनशी थोडे जुळतात, बस्स. माझ्याकडे याला एक साक्षीदार आहे. १९७१ मध्ये विल्यम केम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पॅरानेमर्टिस पेरेग्रिना या फितीसारख्या किड्यातून ॲनाबॅसाइन-सदृश विष काढलं, नाव ॲनाबॅसीन. तंबाखूत जे ॲनाबॅसाइन असतं त्यात आणि यात फक्त दोन हायड्रोजनचा फरक. हा किडा ते विष टोचून मारतो कोणाला? नेरेइस कुळातल्या वळ्यावळ्यांच्या किड्यांना, म्हणजे इसोमेच्या दूरच्या सोयऱ्यांना! शेतातलं झाड आणि खाडीतला किडा एकाच रेणूच्या उंबऱ्यावर येतात, हे एकदा घडलं तर योगायोग. काही जातींच्या मुंग्यांतही ॲनाबॅसीन सापडल्यावर योगायोग हा शब्द मला आळशी वाटतो. हालचाल करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्राण्याच्या मज्जासंस्थेत तो ग्राहक आहे. शत्रूचा इतका जुना आणि सर्वत्र असलेला मर्मबिंदू सापडला, की झाड काय अन् किडा काय, उत्क्रांती तिथेच फिरून फिरून येणार.

त्या मर्मबिंदूची दुसरी बाजूही आहे: तो आपल्यालाही आहे. कारटॅप रेशीमकिड्याला फार विषारी आहे. तुतीच्या मळ्याजवळ ते वापरू नये, आणि कर्नाटकात ही गोष्ट लहान नाही. माणसाच्या पोटात गेलं तर श्वास थांबू शकतो. इतर कीटकनाशकांच्या विषबाधेत सर्रास दिलं जाणारं ॲट्रोपिन इथे पुरत नाही. श्वास सांभाळावा लागतो, आणि गंधकयुक्त 'बाल' हे औषध उतारा म्हणून दिलं जातं. म्हणून विषबाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात नेताना कारटॅपची पिशवी सोबत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.