पाणीकपात, नागरी
पाणीकपात, नागरी : वाढती मागणी व घटता जलसाठा यांचा मेळ घालण्यासाठी महानगरपालिकेने पाणीपुरवठ्यात केलेली नियोजित घट.

उगम : मुंबईत नळयोजनेचा आरंभ विहार तलावापासून (१८६०) झाला, पुढे तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा व मध्य वैतरणा (२०१४) यांची भर पडली. सातही जलाशय मोसमी पावसावर भरतात (पहा : मोसमी पाऊस), त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मागणी चढते तेव्हाच साठा तळाकडे जातो.

वैशिष्ट्ये : पावसाळ्याअखेरच्या साठ्यावरून वर्षाचे नियोजन ठरते. शुद्ध पाणी सेवा जलाशयांत साठवून विभागवार ठरावीक वेळी सोडतात (पहा : जलशुद्धीकरण), भूमिगत झडपा चावीवाले कर्मचारी लांब दांड्याच्या चावीने उघडतात व मिटतात. कपातीत पुरवठ्याची वेळ किंवा दाब घटवितात. मुंबईत ३० मे २०२४ पासून ५ टक्के, तर ५ जूनपासून १० टक्के कपात होती. साठा सुधारल्यावर २९ जुलैला ती मागे घेण्यात आली.

महत्त्व : कपातीमुळे साठा पाऊस स्थिरावेपर्यंत पुरतो. दाब घटल्याची झळ टेकडीवरील व जलवाहिनीच्या टोकाकडील वस्त्यांना प्रथम बसते. म्हणून समन्यायी वाटप व गळतीनियंत्रण ही तिची आवश्यक अंगे होत (पहा : जलव्यवस्थापन).