दमा, स्टेरॉइडरोधी

दमा, स्टेरॉइडरोधी : स्टेरॉइडच्या पुरेशा मात्रेलाही दाद न देणारा दमा. प्रचलित निकष असा : रोज ४० मिग्रॅ. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दोन आठवडे पोटात देऊनही पहिल्या सेकंदात जोराने सोडलेल्या हवेचे मोजमाप १५ टक्क्यांनीसुद्धा सुधारत नाही. सालब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाने मात्र ते सुधारायला हवे. तेही होत नसेल तर मुळात दमाच आहे का, हे पाहावे लागते. अशा रुग्णांचे वर्णन १९६८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पूर्ण रोध विरळाच; पुष्कळांना नेहमीपेक्षा मोठी मात्रा लागते, एवढेच.

हा शिक्का सर्वांत शेवटी मारावा. रुग्णाला त्याचाच पंप मारून दाखवायला सांगितले, की अनेकदा उलगडा होतो : डबी आधी दाबली जाते, श्वास मागाहून घेतला जातो आणि औषध घशातच चिकटून राहते. ‘पंपाची सवय लागते’ या धास्तीने तो परस्पर बंद करणारेही कमी नाहीत. क्षयावरील रिफाम्पिसिन चालू असेल, तर यकृत प्रेडनिसोलोनचा निकाल लवकर लावते. आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

खरा रोध पेशीत असतो. स्टेरॉइड पेशीतील ग्राहकाला चिकटून केंद्रकात जाते आणि तेथे एचडॅक-२ हे विकर कामाला लावते. हे विकर डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढते, डीएनए रिळावरच्या दोऱ्यासारखा पुन्हा घट्ट गुंडाळला जातो आणि दाह पेटवणारी जनुके बंद पडतात. तंबाखूच्या धुराने हे विकरच दुबळे होते; म्हणून धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यात स्टेरॉइडचा गुण कमी येतो. काही रुग्णांत पी-३८ या विकरामुळे ग्राहकच नीट काम करत नाही. ग्राहकाच्या जनुकातील जन्मजात दोष क्वचित आढळतो. शिवाय दाह इओसिनोफिलऐवजी न्यूट्रोफिल पेशींचा असेल, तर स्टेरॉइड फारसे चालत नाही.

रोध सबंध शरीरात नसतो, ही यातली खरी वाईट गोष्ट. श्वासनलिका ऐकत नाहीत, पण हाडे ठिसूळ होतात, साखर चढते, चेहरा सुजतो. गुण येत नसताना मात्रा वाढवत नेणे म्हणूनच निव्वळ तोट्याचे.

उपचाराआधी दाहाचा प्रकार ओळखणे किती मोलाचे, हे मेपोलिझुमॅबने दाखवले. इओसिनोफिल पेशी वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-५ ला अडवणारी ही प्रतिपिंडे २००७ च्या चाचणीत, रुग्ण न निवडता दिल्यावर, निष्प्रभ ठरली. २००९ मध्ये लेस्टर (इंग्लंड) आणि हॅमिल्टन (कॅनडा) येथे स्टेरॉइड घेऊनही ज्यांच्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या राहत, अशांनाच ती दिली, तेव्हा दम्याचे जोरदार झटके स्पष्ट कमी झाले. २०१५ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. न्यूट्रोफिल दाहासाठी असे नेमके औषध नाही. तेथे धूम्रपान सोडवणे, वजन उतरवणे आणि निवडक रुग्णांत ॲझिथ्रोमायसिन दीर्घकाळ देणे, यांवर भिस्त असते.