जहाजावरचा पोशाख

माझ्या भाच्यानें मुंबईहून निघणाऱ्या एका पर्यटन-जहाजाचीं तिकिटें काढलीं आणि कंपनीचें सूचनापत्र मला वाचावयास पाठविलें. तीन रात्रींचा प्रवास. खाणें, गाणें, पोहण्याचा हौद, सर्व कांहीं त्यांत आहे. सूचनांच्या शेवटीं मात्र एक कलम असें कीं, एका रात्रीचें भोजन 'फॉर्मल' असून त्या वेळीं पुरुषांनीं सूट अथवा बंद गळ्याचा कोट, आणि स्त्रियांनीं साडी अथवा गाऊन घालून यावें. चपला किंवा आखूड विजार घालून येणारांस भोजनगृहांत घेतलें जाणार नाहीं. भाच्यानें या कलमाखालीं रेघ ओढून लिहिलें होतें, "मामा, तुमचा तो काळा कोट काढून ठेवा."

या कलमानें मला पुष्कळ दिवस गुंतवून ठेवलें. करमणुकीसाठीं स्वतःचे पैसे भरून निघालेल्या माणसानें काय घालून जेवावें हें दुसऱ्यानें कां सांगावें, आणि त्यानेंही तें आनंदानें कां ऐकावें? इतिहास शिकविण्यांत आयुष्य गेलेल्यास असा प्रश्न पडला म्हणजे मागें वळून पाहण्याची खोड जात नाहीं. आणि मी डहाणूस राहत असल्यामुळें मागें पाहण्यासाठीं फार दूर जावें लागलें नाहीं.

डहाणूच्या उत्तरेस, आतां गुजरातच्या हद्दींत असलेलें संजाण हें पारशी लोकांच्या आगमनाचें ठिकाण. बहमन कैकोबाद यानें इ. स. १६०० च्या सुमारास फारसी पद्यांत लिहिलेल्या 'किस्से-इ-संजाण' या ग्रंथांत ती हकीकत आहे. ग्रंथ घटनेनंतर कित्येक शतकांनीं लिहिलेला, तेव्हां त्यांतील प्रत्येक शब्द प्रमाण मानतां येत नाहीं. पण त्या समाजानें स्वतःविषयीं काय लक्षांत ठेवलें हें त्यावरून कळतें. गलबतांतून उतरलेल्या या परक्यांस जादी राणानें आश्रय दिला, तो अटींवर. आपला धर्म त्यांनीं समजावून सांगावा, या देशाची भाषा बोलावी, शस्त्रें खालीं ठेवावीं, लग्नें सायंकाळीं लावावीं, आणि त्यांच्या स्त्रियांनीं या देशचें वस्त्र नेसावें. पुढें संजाण पडल्यावर पवित्र अग्नि बारा वर्षें बहरोटच्या गुहेंत लपविला होता, असें परंपरा सांगते. तो डोंगर आमच्याच भागांतला. समुद्रावरून आलेल्या पाहुण्यास पोशाखाची अट घातल्याची याहून जुनी कथा या किनाऱ्यावर मला ठाऊक नाहीं. या अटींत राजाचें भय दिसतें, तुच्छता दिसत नाहीं. आमच्यासारखे दिसा म्हणजे आमच्यांत राहा, असा तिचा सरळ अर्थ होता, आणि तो शब्द पाळलाही गेला.

आगबोटींच्या काळांत पोशाखाच्या अटीचा अर्थ पालटला. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल कंपनीस १८४० सालीं सनद मिळाली आणि १८६९ त सुवेझचा कालवा खुला झाला. त्यानंतर मुंबई हें विलायतच्या वाटेवरचें मुख्य दार बनलें. या आगबोटींच्या पहिल्या वर्गांत रात्रीच्या जेवणास खास पोशाख करून बसण्याचा दंडक होता. त्यांतून पहिली व शेवटची रात्र तेवढी सुटत असे, कारण त्या रात्रीं पेट्या एक तर उघडलेल्या नसत, नाहीं तर बांधून झालेल्या असत. पेट्यांवरही 'प्रवासांत लागणारी' व 'प्रवासांत न लागणारी' अशा चिठ्ठ्या डकवीत. तांबड्या समुद्राच्या उकाड्यांत घामानें निथळत ताठ गळपट्टीनें जेवावयास बसणाऱ्या या मंडळींना कोणी बाहेरून पाहिलें असतें तर हें एखादें व्रत चाललें आहे असेंच त्याला वाटलें असतें.

व्रत होतेंच, आणि त्याचें कारण शोधण्यास फार खोल जावें लागत नाहीं. स्वदेशीं साध्या पाद्र्याचा किंवा दुकानदाराचा मुलगा सुवेझ ओलांडतांच साहेब होत असे. जिल्हा त्याच्या हातीं येई, दारांत पट्टेवाले उभे राहत. ही बढती नुकतीच पदरीं पडलेली, म्हणून तिची निशाणी रोज रात्रीं अंगावर चढविणें त्याला भाग होतें. मौज अशी कीं, आज ज्या आखूड काळ्या कोटास आपण 'फॉर्मल' पोशाखाचा कळस समजतों तो मुळांत ढिलाईचा पोशाख. लांब शेपटांच्या कोटाचा कंटाळा आलेल्या श्रीमंतांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घरगुती जेवणापुरता तो काढला. एका पिढीची सवलत दुसऱ्या पिढीचा नियम झाली. 'पॉश' हा शब्द याच कंपनीच्या तिकिटांवरून आला, अशी एक कथा शिकलेले लोक मोठ्या हौसेनें सांगतात; जातांना डावीकडची व येतांना उजवीकडची सावलीची खोली ज्यांना मिळे ते 'पॉश', असें. तिला कसलाही पुरावा नाहीं. मीही ती वर्गांत सांगितलेली आहे, हें कबूल केलेलें बरें.

या भोजनगृहाच्या दाराशीं आपल्या माणसांचें काय होत असे? ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मुंबईहून निघालेल्या 'क्लाइड' बोटीवर अठरा वर्षांचे मोहनदास गांधी होते. त्यांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे कीं, कांटे-चमचे कसे धरावे हें ठाऊक नव्हतें, पदार्थांत मांस आहे कीं नाहीं हें विचारण्याचें धैर्य नव्हतें; म्हणून बरोबर नेलेली मिठाई व फळें खाऊन ते खोलींतच राहत. सोबतचे जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजमुदार सर्वांशीं मोकळेपणानें बोलत आणि यांनाही बाहेर येण्याचा आग्रह करीत. बोटीवर ते काळा सूट घालीत. पांढरा फ्लॅनेलचा सूट मात्र उतरतांना शोभेल म्हणून जपून ठेवला होता. सप्टेंबर संपत आलेला. धक्क्यावर पाहतात तों पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच, आणि सामान तर एजंटाच्या स्वाधीन करून टाकलेलें! पुढें लंडनांत त्यांनीं एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सायंकाळचा सूट शिवविला, भावाकडून सोन्याचा दुपदरी अछोडा मागविला. हें वाचतांना आपण हसतों. पण त्या मुलाचें काय चुकलें होतें? त्यानें नियम पाळण्याची शिकस्त केली होती. फक्त नियम त्याला कोणी सांगितला नव्हता. न सांगितलेल्या नियमाचा उपयोगच मुळीं आंतला कोण व बाहेरचा कोण हें ओळखण्यासाठीं असतो.

त्याच्या पांच वर्षें आधीं, ७ एप्रिल १८८३ रोजीं, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून एकट्या अमेरिकेस निघाल्या. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणून परत येईन, असें त्यांनीं निघण्यापूर्वीं श्रीरामपूरच्या सभेंत सांगितलें होतें. तेथील थंडींत नऊवारी लुगड्यानें पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्याचें पत्करलें, पण झगा घातला नाहीं. १८८६ त त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली तीही साडींतच. तडजोड कोठें करावयाची आणि कोठें नाहीं हें त्या वीस वर्षांच्या मुलीनें जितकें नीट ओळखलें, तितकें तिच्या काळच्या कित्येक बॅरिस्टरांना ओळखतां आलें नाहीं, असें मला वाटतें.

आणि अनुकरण केलें तरी सुटका होतीच असें नाहीं. या वादांतलें जोड्यांचें प्रकरण मोठें बोलकें आहे. देशी माणसानें साहेबासमोर जोडे काढून यावें, हा सरकारी शिष्टाचार. १८५४ सालीं गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलानें, विलायती बूट व मोजे घालणाऱ्या बंगाली गृहस्थांस दरबारांत तसेंच येण्याची मुभा दिली. म्हणजे पाय तोच, पण चामडें विलायती असलें तर तो पवित्र! १८६२ त सुरतेच्या फौजदारी न्यायालयांत असेसर म्हणून बोलावलेल्या माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थानें जोडे काढण्याचें नाकारलें, आणि त्यावरून मोठा वाद माजला. ज्यांच्या पूर्वजांच्या स्त्रियांनीं याच किनाऱ्यावर अट मानून वस्त्र बदललें होतें, त्यांच्या वंशजानें जोड्यांसाठीं भांडावें, यांत मला विसंगति दिसत नाहीं. पहिल्या अटीनें घरांत घेतलें होतें. दुसरी उंबऱ्याबाहेर उभें करीत होती.

आतां १९३० व १९३१ या दोन सालांकडे येऊं. गोलमेज परिषदेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ ऑक्टोबर १९३० रोजीं 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीनें निघाले. पुढच्या वर्षीं २९ ऑगस्टला गांधीजी 'राजपुताना' बोटीनें गेले. दोन्ही बोटी त्याच कंपनीच्या. गांधीजींनीं १९२१ सालीं मदुरेस पंचा पत्करला होता. त्याच वेषांत ते दुसऱ्या वर्गानें गेले, अनावश्यक सामान त्यांनीं एडनहून परत पाठविलें, आणि ५ नोव्हेंबरला राजवाड्यांतील चहापानासही तसेच गेले. क्लाइड बोटीवरच्या लाजाळू मुलाचा तो मोठा जय होता, यांत शंका नाहीं. त्याची कीर्ति जगभर झाली. बाबासाहेबांच्या नीट शिवलेल्या सुटाकडे मात्र पुष्कळांनीं साहेबी थाट म्हणून पाहिलें, आणि पाहणारे बहुधा स्वतः कोट घालणारेच होते.

त्यांना महाडची आठवण राहिली नसावी. १९२७ च्या डिसेंबरांतील परिषदेंत जमलेल्या स्त्रियांस बाबासाहेबांनीं सांगितलें होतें कीं, गुडघ्यापर्यंत लुगडें नेसण्याची रीत टाका, गळ्यांतील व हातांतील दागिन्यांचें ओझें टाका. ज्या नेसण्यावरून तुमची जात दुरून ओळखतां येते तें नेसणें सोडा. बायकांनीं तें ऐकलें, आणि परिषदेहून परततांना पुष्कळजणी नव्या रीतीनें नेसल्या होत्या. वस्त्र उतरविणें हा एकासाठीं त्याग होता, कारण तें घालण्यास त्याला कोणी मनाई केलेली नव्हती. दुसऱ्याच्या समाजावर आखूड वस्त्र लादलेलें होतें; त्याच्यासाठीं पूर्ण पोशाख हाच बंड. दोघांचें एकाच मापानें मोजमाप करणें हा माझ्या मतें आपल्या सुशिक्षित वर्गाचा एक मोठा बुद्धिभ्रंश आहे.

आमच्या डहाणू-तलासरींत हा प्रश्न पुस्तकी नाहीं. येथला वारली पुरुष लंगोटी लावी, बाई गुडघ्यापर्यंत लुगडें नेसे, आणि आम्ही पांढरपेशे त्याला त्यांची 'चाल' म्हणत असूं. सिमिंग्टन यांचा १९३९ चा सरकारी अहवाल किंवा के. जे. सावे यांचें १९४५ चें वारल्यांवरील पुस्तक वाचणाऱ्यास त्या चालीमागें सावकाराचें देणें व वेठबिगार किती होती हें कळतें. लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं नवराबायको जमीनदाराचे गडी होऊन राहत. २३ मे १९४५ रोजीं झरी गांवीं वारली जमले आणि वेठ व लग्नगडी दोन्ही बंद, असें त्यांनीं ठरविलें. ऑक्टोबरच्या १० तारखेस तलवाड्यास गोळीबार झाला, त्यांत जेठ्या गांगड व इतर मेले. ज्याच्या अंगावर फडका नाहीं तो माणूस काय मागतो आहे, हें आमच्यापैकीं फार थोड्यांना तेव्हां कळलें. गोदावरी परुळेकरांना कळलें. त्या स्वतः सुखवस्तु घरांतल्या, वकिलीचें शिक्षण घेतलेल्या होत्या.

हें सारें मला वाचून ठाऊक होतें, तरी पंचवीस वर्षांपूर्वीं माझ्या हातून एक गोष्ट झाली. ज्या कॉलेजांत मी तेव्हां शिकवीत होतों त्याच्या स्नेहसंमेलनाची व्यवस्था माझ्याकडे होती. मोठे पाहुणे येणार, म्हणून मीं फळ्यावर इंग्रजींत सूचना लावली: पारितोषिक घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीं कोट अथवा ब्लेझर, टाय आणि बूट घालून यावें. इंग्रजी चांगलें साधलें म्हणून मला समाधानही वाटलें होतें. इतिहासांत पहिला आलेला मुलगा तलासरीकडच्या एका पाड्यावरचा होता. त्याचें नांव दोनदां पुकारलें. कोणी उठलें नाहीं. पाहुण्यांनीं पुस्तक बाजूस ठेवलें आणि पुढचें नांव वाचलें. नंतर शिपायाकडून समजलें कीं, धुतलेला सदरा व चपला घालून तो फाटकाबाहेर बराच वेळ उभा होता, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून निघून गेला.

आठ दिवसांनीं मीं त्याला खोलींत बोलावून पुस्तक दिलें आणि आंत कां आला नाहींस असें विचारलें. तो म्हणाला, "सर, सूचना मीं वाचली होती." स्वरांत राग नव्हता. मला वाटतें, राग असता तर मला उत्तर देणें सोपें गेलें असतें. पुढच्या वर्षीं मीं ती सूचना लावली नाहीं. पण त्याची पदवी झालेली होती आणि तो त्या संमेलनास नव्हता.

भाच्याला येतों म्हणून कळविलें आहे. पोरांची हौस मोडण्यांत अर्थ नाहीं, आणि समुद्रावरून आपला किनारा कसा दिसतो हें पाहण्याची मलाही इच्छा आहे. फॉर्मल जेवणाच्या रात्रीं आपण सगळे वर डेकवर साधें कांहीं खाऊं काय, असें मीं त्याला विचारलें. त्यानें अजून उत्तर दिलेलें नाहीं. काळा कोट पेटींतून काढून शिंप्याकडे दिला आहे. त्या संमेलनासाठीं शिवलेला तोच तो कोट. खांद्यांत घट्ट होतो, आणि आंत उसवण्याइतकें कापड शिल्लक नाहीं, असें शिंपी म्हणतो.