झाडावरची बैठक : मृगयेच्या इतिहासांतील एक उपेक्षित प्रकरण

शस्त्रांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. धनुष्य कोणत्या लांकडाचें करीत, बाणाचें टोंक दगडाचें केव्हां होतें व लोखंडाचें केव्हां झालें, बंदुकीनें भाल्यास मागें कसें सारलें, हें सर्व शोधण्यांत विद्वानांनीं जन्म वेंचले. परंतु शस्त्र हातीं घेतलेला मनुष्य बसला कोठें, हा प्रश्न क्वचितच कोणीं विचारला असेल. वस्तुतः धनुर्धारी मनुष्याच्या हरिणाच्या शिकारींत यशापयश आणि पापपुण्य हीं दोन्ही बहुतांशीं याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात.

आपल्या भाषेंत उंच बैठकीचीं नांवें थोडीं नाहींत. जोंधळा हुरड्यास आला म्हणजे राखणदार शेतांत चार मेढींवर माळा उभारतो आणि त्यावर चढून गोफण फिरवितो. शिकारी झाडाच्या फांद्यांत बांधतो तें मचाण. बालेकिल्ल्याखालीं जी सपाट, तटबंद जागा असते ती माची. मचाण आणि माची हे शब्द संस्कृतांतील 'मंच' या शब्दाच्याच घराण्यांतले. तिन्ही जागांचा गुण एकच : वर बसणारास दूरचें दिसतें, आणि खालून येणाऱ्यास तो सहज गांठतां येत नाहीं.

तरीहि आपल्या प्राचीन वाङ्मयांतील मृगया बहुधा धांवती आहे. शाकुंतलाच्या आरंभीं दुष्यंत रथांत बसून हरिणाचा पाठलाग करीत येतो. कौटिल्यानें मृगयेची गणना व्यसनांत केली, तरी द्यूताशीं तुलना करतांना तिचा पक्ष घेतला. तिच्यायोगें व्यायाम घडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम धरण्याचा अभ्यास होतो, आणि भयानें वा क्रोधानें पशूचें चित्त कसें पालटतें हें कळतें, असें त्याचें म्हणणें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'तहि मृगयेस राजाच्या विनोदांत स्थान आहे.

दबा धरून बसण्याची शिकार मात्र आपल्या परंपरेनें एका शोककथेंत जतन करून ठेविली. रात्रीच्या काळोखांत दशरथ शरयूच्या तीरीं पाण्यावर येणाऱ्या श्वापदाची वाट पाहात राहिला. घडा भरण्याचा शब्द ऐकून त्यानें बाण सोडला, आणि तो श्रावणास लागला. यादवांच्या अंतीं जरा नांवाच्या व्याधानें श्रीकृष्णाचा पाय हरिण समजून विंधला, ही कथाहि त्याच जातीची. दोघांचाहि नेम अचूक होता. चुकलें तें एवढेंच कीं, ज्या जागेवरून लक्ष्य स्पष्ट दिसत नव्हतें त्या जागेवरून त्यांनीं बाण सोडला. बैठकीच्या प्रश्नाचें सारें गांभीर्य या दोन कथांत आहे.

युरोपांत दबा धरण्याची रीति फार जुनी. हँबुर्गजवळील स्टेलमूर येथें १९३० नंतरच्या दशकांत आल्फ्रेड रुस्ट यानें उत्खनन केलें, तेव्हां रेनडियरांच्या अस्थींच्या राशींबरोबर देवदारी जातीच्या लांकडाचे बाण सांपडले. ते दहा हजार वर्षांहून अधिक जुने होते. दुसऱ्या महायुद्धांत ते नष्ट झाले. पुढें चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील फ्वाचा सरदार गास्ताँ फेब्यूस यानें मृगयेवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या चित्रित प्रतींत हिरवीं वस्त्रें ल्यालेले धनुर्धारी झाडांच्या आडोशास उभे असलेले दिसतात. झाडाचा आश्रय तेव्हांहि होता, पण मनुष्य अजून जमिनीवरच होता.

पुढें बंदूक आली. जें काम धनुर्धारी वीस पावलांवरून करी तें बंदूकवाला दोनशें पावलांवरून करूं लागला, आणि जवळ जाण्याची विद्या मागें पडली. हिंदुस्थानांत मचाण टिकलें, नव्हे भरभराटलें. पण त्यावर बसणाराचें लक्ष मुख्यतः वाघाकडे असे. खालीं रेडा बांधलेला, अगर समोरून हांका उठलेला, आणि वर बंदूक घेतलेला साहेब किंवा संस्थानिक, असें तें दृश्य. तेथें मचाणाचें पहिलें प्रयोजन शिकाऱ्याचें रक्षण हें होतें.

धनुष्य आणि झाड यांची खरी गांठ पडली ती अमेरिकेंत, आणि तीहि विसाव्या शतकांत. १८७८ सालीं मॉरिस थॉम्प्सन याच्या पुस्तकानें तेथें धनुर्विद्येची गोडी लाविली होती. १९११ सालीं कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवीं ईशी या नांवानें पुढें ओळखला गेलेला एक मनुष्य एकटाच रानांतून बाहेर आला. याही जमातीचा तो शेवटचा वंशज. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत, उपासमारींत आणि रोगांत नाहींसे झाले होते. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयांत त्यानें उरलेलीं वर्षें काढलीं. तेथें डॉक्टर सॅक्स्टन पोप यानें त्याजपासून धनुष्य करण्याची व चालविण्याची विद्या घेतली. शिकारीच्या आदल्या दिवशीं ईशी मासे खात नसे, तंबाखू ओढीत नसे. पहांटे ओढ्यांत स्नान करी आणि सुवासिक पानें अंगास चोळी. हरिणाच्या नाकाची त्याला एवढी धास्ती. १९१६ सालीं क्षयानें त्याचा अंत झाला. १९२३ सालीं पोपचें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि मेलेल्या जमातीची विद्या तिला मारणाऱ्यांच्या नातवांचा छंद झाली. इतिहासाचा हा उपहास विसरण्याजोगा नाहीं.

१९३४ सालीं विस्कॉन्सिन राज्यानें दोन जिल्ह्यांत केवळ धनुष्यानें हरिण मारण्याचा हंगाम ठरवून दिला. इतर राज्यांनींहि पुढें तसेंच केलें. १९६९ सालीं हॉलिस विल्बर अॅलन यास चाकें लाविलेल्या धनुष्याचें पेटंट मिळालें, आणि पुढील दशकांत झाडास अडकविण्याच्या सुट्या बैठकी बाजारांत आल्या. त्या देशांतील पांढऱ्या शेपटीचें हरिण आपल्या चितळ-सांबराच्या कुळांतलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अतोनात शिकारीमुळें त्याची संख्या कांहीं लाखांवर आली होती. कायद्यानें संरक्षण मिळाल्यावर ती कोट्यवधि झाली.

आतां झाड निवडावें कसें? या विद्येचा पहिला गुरु वारा. हरिण जेथें विसावतें आणि जेथें चरतें, त्यांमधील पायवाट आधीं हुडकावी. सालीवर शिंगें घासल्याच्या खुणा, उकरलेली माती, खुरांचे ठसे यांवरून ती कळते. मग वारा वाटेकडून आपल्याकडे येईल असें झाड घ्यावें. डोंगराळ मुलुखांत आणखी एक भान लागतें. ऊन चढूं लागलें म्हणजे हवा उतारावरून वर सरकते आणि सांजावलें म्हणजे खालीं उतरते. म्हणून सकाळची बैठक वाटेच्या वरच्या अंगास आणि सायंकाळची खालच्या अंगास बरी. ज्या वाटेनें हरिण येणार त्या वाटेनें आपण झाडाशीं जाऊं नये, कारण पावलांचा गंध मागें राहतो.

दुसरा गुरु डोळा. हरिणाचे डोळे डोक्याच्या बाजूंस असल्यामुळें त्यास जवळजवळ चोहोंकडचें दिसतें. तांबडा आणि नारिंगी रंग त्याला आपल्यासारखे ओळखतां येत नाहींत, पण हालचाल मात्र तत्काळ कळते. म्हणून पाठीशीं जाड खोड किंवा दाट फांद्या असाव्यात. उघड्या आकाशावर मनुष्याची आकृति उमटूं देऊं नये. सूर्य पाठीकडे असला तर आणखी चांगलें.

तिसरी गोष्ट उंचीची व अंतराची. येथें थोडें गणित करावें लागतें. पंधरा ते पंचवीस फूट उंची पुष्कळ झाली. वीस फुटांवर बसून साठ फुटांवरील हरिणाकडे पाहिलें तर दृष्टि सुमारें अठरा अंशांनीं खालीं झुकते. तेंच हरिण बुंध्यापासून दहा फुटांवर आलें तर हा कोन साठ अंशांवर जातो. मग बाण पाठींतून शिरतो, दोन्ही फुप्फुसें भेदण्याची शक्यता घटते, आणि जनावर घायाळ होऊन दूर पळतें. अंतर फार वाढलें तरीहि अनर्थच. सेकंदास दोनशें फूट जाणारा बाण साठ फूट काटण्यास तीन दशांश सेकंद घेतो. दोरीचा आवाज सेकंदास अकराशें फूट जातो, म्हणजे हरिणास तो बाणाच्या सुमारें पाव सेकंद आधीं ऐकूं येतो. अंतर दुप्पट झालें कीं हा अवकाश अर्धा सेकंद होतो. तेवढ्यांत दचकलेलें हरिण अंग खालीं दबवून उसळतें आणि बाण भलतीकडे लागतो. वीस यार्डांची मर्यादा या हिशेबांतून आली आहे.

या बैठकीवर आक्षेप आहेत. कांहीं राज्यांनीं एके काळीं उंचावरून शिकार करण्यास मनाई केली होती. पाठलागांत निदान श्रम तरी आहेत. वर लपून खालीं चाललेल्या बेसावध जिवावर बाण टाकण्यांत पौरुष तें कोणतें, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस हा आक्षेप पोकळ वाटत नाहीं. तथापि पौरुष ही शिकाऱ्याची चिंता झाली. हरिणाची चिंता निराळी आहे. धांवत्या हरिणावर धांवत्या रथांतून सुटलेला बाण शूराचा असेल, पण तो पोटांत रुतण्याचा संभव फार. विचारपूर्वक निवडलेल्या झाडावरून, जवळ व आडवें उभें असलेलें, शांत जनावर स्पष्ट दिसतें. आणि बाण सोडूं नये असें वाटल्यास तो आंवरण्यासहि अवसर मिळतो. दशरथास न लाभलेला अवसर तो हाच. जी जागा हा अवसर देत नाहीं, तेथें हरिणांची कितीहि वर्दळ असली तरी ती जागा वाईट समजावी.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मृगयेचें युग संपलें. मचाण मात्र उरलें आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं महाराष्ट्राच्या अरण्यांत पाणवठ्यांशेजारीं मचाणें बांधतात, आणि चांदण्यांत पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद होते. वारा तोच पाहावा लागतो, श्वास तसाच रोखावा लागतो. बसणाराच्या हातीं फक्त कागद आणि पेन्सिल असते. दशरथानेंहि पाणवठ्यावर अशीच रात्र जागविली होती. त्या रात्रीपासून या रात्रीपर्यंत आपण किती पुढें आलों, हें मोजावयाचें असेल तर मचाणाइतकी सोईची जागा दुसरी नाहीं.