देशाचे नाव नसलेले तिकीट

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील विज्ञान प्रदर्शनात आम्ही जुन्या टपाल तिकिटांचा एक तक्ता मांडला होता. त्यात मधोमध राखाडी हिरव्या रंगाचे, कडांना दाते नसलेले एक तिकीट होते आणि त्याखाली आमच्या अक्षरातील चिठ्ठी : ‘स्पेन, १८५५, १ रेआल’. ही चिठ्ठी चुकीची होती. घाईत चूक झाली असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. पण ती रीतसर तपासणी करून झाली होती.

स्पेनचे पहिले टपाल तिकीट १ जानेवारी १८५० रोजी निघाले. सहा क्वार्तो किमतीचे, काळ्या शाईतले, राणी इसाबेल दुसरी हिचे चित्र असलेले. बनावट तिकिटांची धास्ती इतकी, की पहिली पाच वर्षे दर वर्षी चित्र बदलले गेले आणि तिकिटावर सालही छापले गेले. १८५५ मध्ये हा खटाटोप थांबला. त्याऐवजी जलचिन्ह असलेला कागद आला आणि मण्यांच्या वर्तुळातील राणीचे मुख हे एकच चित्र काही वर्षे चालू राहिले. वर ‘कोर्रेओस’, म्हणजे टपाल, खाली किंमत. देशाचे नाव कुठेच नाही. आपल्याकडील १८५४ च्या तिकिटांवर राणीच्या डोक्यावर ‘इंडिया’ असे छापलेले होते, हे वाचकांपैकी अनेकांनी चित्रात तरी पाहिले असेल. स्पेनने मात्र ब्रिटनप्रमाणेच राणीचा चेहरा पुरेसा मानला. सरकारी टपालासाठी १८५४-५५ मध्ये निघालेल्या स्पॅनिश तिकिटांवर तर पैशातली किंमतही नाही, नुसते वजन आहे : अर्धा औंस, एक औंस, चार औंस, एक पौंड! असे तिकीट नवख्या संग्राहकाच्या हाती पडले, तर ते एखाद्या किराणा मालाच्या पुडीवरचे वाटावे.

आमच्या तिकिटाकडे वळू. जुन्या बाजारात सुट्या तिकिटांच्या पाकिटात ते मिळाले. राणीचे मुख ओळखीचे होते, किमतीत १ चा आकडा आणि रेआल या शब्दाचा संक्षेप दिसत होता. पुढचा भाग शिक्क्याच्या काळ्या शाईखाली गेला होता. मग जलचिन्ह पाहिले. काळ्या बशीत तिकीट पालथे ठेवून त्यावर बेंझिनचे दोन थेंब टाकले (जवळ ज्योत असता कामा नये), की कागदाचा पातळ भाग गडद दिसू लागतो. एकात एक गुंतलेली वेटोळी स्पष्ट उमटली. १८५५ चे जलचिन्ह हेच; १८५६ मध्ये त्याच्या जागी एकमेकींना छेदणाऱ्या रेषा आल्या. कागदही निळसर, हवा तसाच. एकच गोष्ट जुळेना. स्पेनचे १ रेआलचे तिकीट हिरवट निळे असते आणि आमचे राखाडी हिरवे होते. आम्ही ठरवून टाकले, की रंग उडाला असावा. प्रयोगशाळेत कोणी असे स्पष्टीकरण दिले असते, तर आम्ही त्याला वही परत दिली असती.

प्रदर्शनात नववीतील एका मुलीने भिंग मागून घेतले आणि बराच वेळ पाहून विचारले, “सर, रेआलच्या पुढे अजून अक्षरे आहेत. ती कसली?”

शाईखालची ती अक्षरे ‘प्लाता एफ.’ अशी होती. प्लाता म्हणजे चांदी आणि एफ म्हणजे फुएर्ते, भक्कम. स्पेनमध्ये रोजच्या व्यवहारातील रेआल हा ‘वेयोन’ रेआल होता आणि असे वीस रेआल म्हणजे एक पेसो. समुद्रापलीकडच्या वसाहतींत चांदीचा भक्कम रेआल चाले. तो आठाला एक पेसो. म्हणजे आमच्या तिकिटावरचा एक रेआल माद्रिदच्या अडीच रेआलांबरोबर होता. हे तिकीट क्यूबा आणि पोर्तो रिको या बेटांसाठी निघालेले होते. चित्र तेच, कागद तोच, जलचिन्हही तेच. आम्ही ज्या कसोटीवर खूश झालो होतो, ती दोन्ही शक्यतांना सारखेच उत्तर देत होती. जी दोघांत फरक करू शकत होती, ती रंगाची खूण आम्ही बाजूला सारली होती.

क्यूबाला तिकिटावर स्वतःचे नाव मिळाले ते १८७७ मध्ये. त्याआधी काही वर्षे तिकिटांवर ‘उल्त्रामार’ असे येई, म्हणजे ‘समुद्रापलीकडचे’. उसाच्या मळ्यांत गुलाम राबत असलेल्या (गुलामगिरी तेथे १८८६ मध्ये संपली) या बेटाला माद्रिदहून मिळालेले नाव एवढेच! आणि १८५५ मध्ये तेवढेही नव्हते.

प्रश्न इथे मिटला असे आम्हाला वाटले, पण तसे नव्हते. फिलिपिन्समध्ये १८५४ पासून स्थानिक कारागिराने कोरलेली तिकिटे होती. तांब्याच्या पत्र्यावर प्रत्येक तिकीट वेगळे कोरलेले, त्यामुळे एकावर ‘कोर्रेओस’मधले एक अक्षरच गळाले. १८५६ मध्ये त्यांच्या जोडीला क्यूबाची १ आणि २ रेआलची तिकिटेही तेथे वापरात आली. म्हणजे आमचे तिकीट हवानाचे, सान हुआनचे किंवा थेट मनिलाचे असू शकते आणि ते सांगणारी खूण एकच : टपालाचा शिक्का. तो आमच्या तिकिटावर फासटलेला आहे. कोपऱ्यातील काही ठिपके मनिलाची आठवण करून देतात. पण फासटलेल्या शाईत ठिपके शोधू तितके सापडतात.

चिठ्ठीवर आता ‘स्पॅनिश वसाहती, १८५५’ एवढेच आहे. मूळ पाकीट असते तर पत्ता असता, तारीख असती, कदाचित जहाजाचे नावही असते. कोणीतरी ते पाण्यात भिजवले, तिकीट सोडवून घेतले आणि पाकीट टाकून दिले. शाळेत असताना आम्हीही घरी आलेल्या पत्रांवरची शेकडो तिकिटे अशीच सोडवली आहेत.