मोटारीचे आयुष्य कोणी ठरवायचे?

मंडळी, बैल म्हातारा झाला हे समजायला शेतकऱ्याला पंचांग उघडावे लागत नाही. दात, खांदा आणि चाल पाहून तो ठरवतो. मोटारीचे मात्र तसे नाही. गाडी किती वर्षे ठेवावी, हे मालकाने ठरवायचे, कारखानदाराने की सरकारने? गेल्या शंभर वर्षांत या तिघांनीही ते ठरवून पाहिले आहे.

प्रथम अमेरिकेत जाऊ. हेन्री फोर्ड यांनी 1908 साली 'मॉडेल टी' ही मोटार काढली. गाडी साधी, दणकट, पाना-हातोडी घेऊन घरीच दुरुस्त करता येईल अशी. फोर्ड यांचे धोरण असे, की गाडी फारशी बदलायची नाही, किंमत तेवढी उतरवायची. 850 डॉलरांची गाडी पुढे 300 डॉलरांच्या आत आली. 1927 पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या.

मग अडले कोठे? ज्याला गाडी हवी त्याने ती घेतलेली, आणि घेतलेली लवकर मोडत नाही! हे हेरले आल्फ्रेड स्लोन यांनी. 1923 साली ते जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. दरवर्षी नवा आकार, निरनिराळे रंग, हप्त्यांची सोय, आणि जुनी देऊन नवी नेण्याची मुभा. इंजिन धडधाकट असले तरी शेजाऱ्याची नवी गाडी पाहून आपली जुनी वाटू लागली. अखेर 1927 च्या मे महिन्यात फोर्ड यांनी मॉडेल टी बंद केली.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाटची जी गाडी होऊ लागली, तीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी'. परवान्यांच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मग आहे तीच जपणे आले. आपले मिस्त्री लोक याच शाळेत तयार झाले, म्हणा ना!

तिसरी पाळी कायद्याची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा घातली गेली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली होती; 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिचीही मुदत भरली. गाडी चालत असताना ती का मोडीत काढावी, हा टॅक्सीवाल्याचा प्रश्न खोटा नाही. कारण त्याची चूल तिच्यावर पेटते. पण जुन्या इंजिनाचा धूर साऱ्या शहराच्या छातीत जातो, हेही खोटे नाही.

मग घरच्या गाडीचे काय करावे? हिशेब मांडा. समजा, 4 लाखांची गाडी चार वर्षांनी 2 लाखांना विकली. घट झाली वर्षाला 50 हजार. तीच आणखी सहा वर्षे ठेवून 50 हजारांना विकली, तर त्या सहा वर्षांतली घट वर्षाला 25 हजारच. म्हणजे दुरुस्तीचा जादा खर्च वर्षाला 25 हजारांच्या आत आहे, तोवर जुनी गाडी परवडते. गुरुजींनी हे गणित मुलांना फळ्यावर जरूर घालावे.

मात्र ब्रेक दगा देऊ लागले, धूर आवरेना, किंवा नोंदणीची मुदत संपली, तर गणित बाजूला ठेवा. एरवी शेजाऱ्याच्या अंगणाकडे न पाहता आपल्या वहीकडे पाहून ठरवावे.